शरदातला ताप, सर्दी, खोकला: घरी बरं होताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऋतू पालटला की घरात कोणी ना कोणी अंथरुणाला खिळतं. बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो आणि शरीर आपलं आपण त्यातून बाहेर येतं. आपण करायचं ते त्याच्या कामात आडकाठी न आणण्याचं. पण दोन गोष्टींकडे फार दुर्लक्ष होतं. ताप उतरला की माणूस लगेच उठून कामाला लागतो, आणि तब्येत बिघडत असताना ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणून वेळ काढली जाते. पुढच्या उत्तरांमध्ये याच दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील. त्या तशाच याव्यात असं मला वाटतं.

नेमका याच दिवसांत एवढा आजार का पसरतो?

गारव्यात भिजल्याने किंवा डोक्याला वारा लागल्याने विषाणू जन्माला येत नाही. तो दुसऱ्या माणसाकडूनच येतो. पण हवा थंड व्हायला लागली की खिडक्या-दारं बंद होतात, माणसं एकमेकांजवळ जास्त वेळ बसतात, आणि एकाच्या श्वासातून बाहेर पडलेली हवा दुसऱ्याच्या श्वासात जाते. हवा कोरडी झाली की फ्लूचा विषाणू हवेत जास्त काळ तग धरतो आणि नाकातला ओलसर थरही सुकतो, म्हणजे शरीराचा पहिला पहारा ढिला पडतो. सर्दीचा सगळ्यांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याला शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा नाकातलं ३३ ते ३५ अंश सेल्सियस तापमान जास्त मानवतं. त्याचे १५० हून अधिक प्रकार आहेत. म्हणूनच मागच्या महिन्यात सर्दी होऊन गेलेल्याला या महिन्यात पुन्हा होऊ शकते. याचा अर्थ प्रतिकारशक्ती ‘संपली’ असा मुळीच नाही.

साधं पडसं, फ्लू आणि कोविड यांत फरक कसा ओळखायचा?

पडसं हळूहळू येतं. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक वाहतं आणि चोंदतं. मोठ्यांना ताप बहुधा येत नाही, आला तरी थोडासाच. फ्लू एकाएकी गाठतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी, डोकेदुखी आणि सर्वांग ठणकत असल्यामुळे आडवा होतो. ‘नेमकं कोणत्या वेळी बरं वाटेनासं झालं’ हे फ्लूचा रुग्ण बरेचदा सांगू शकतो, पडशाचा सांगू शकत नाही.

कोविड यातल्या कुठल्याही रूपात येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून तो ओळखता येत नाही. घरी करायची चाचणी मिळत असेल तर करावी. पहिल्या दिवशी ती निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करावी, कारण सुरुवातीला विषाणू कमी असतो आणि चाचणीतून निसटतो. आणखी एका विषाणूचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, आरएसव्ही. मोठ्यांमध्ये तो पडशासारखाच वागतो, पण तान्ह्या बाळांना आणि वृद्धांना श्वासाचा त्रास देतो.

ताप आहे, पण सर्दी-खोकला अजिबात नाही. तरी घरीच थांबायचं का?

नाही. डासांमुळे होणारे आजार असलेल्या भागात तुम्ही राहत असाल किंवा नुकतेच तिथून आला असाल, तर डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी लवकर करून घ्या. तोवर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, कारण डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. लघवीला जळजळ, एका बाजूला कंबरेत दुखणं, एखादी लाल झालेली दुखरी जखम, असं काही असेल तरी हा ताप वेगळा आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा.

किती दिवस लागतील?

पडशाला सात ते दहा दिवस. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट असतो.

फ्लूमध्ये लागण झाल्यापासून साधारण दोन दिवसांनी, पण एक ते चार दिवसांत केव्हाही, लक्षणं दिसतात. ताप आणि अंगदुखी तीन-चार दिवस राहते. त्यानंतर खोकला आणि थकवा मागे उरतो, आणि तो दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतो. म्हणजे आठवड्याभराचा फ्लू असं आपण म्हणतो, त्यात आजारानंतरचे अशक्तपणाचे दिवस धरलेलेच नसतात. कामाचं, प्रवासाचं किंवा परीक्षेचं नियोजन करताना ते दिवस आधीच हिशेबात घ्या.

ताप किती चढला म्हणजे औषध घ्यावं?

३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, यापासून पुढे ताप मानतात. पण औषध थर्मामीटरच्या आकड्यासाठी घ्यायचं नसतं, माणसाला पडणाऱ्या त्रासासाठी घ्यायचं असतं. ताप हा शरीराने स्वतः वाढवलेला असतो. मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राने पातळी वर सरकवलेली असते, कारण वाढलेल्या तापमानात बरेच विषाणू नीट वाढत नाहीत आणि पांढऱ्या पेशी जोमाने काम करतात. १०१ ताप असून माणूस पाणी पितोय, झोपतोय, बोलतोय, तर गोळी न देताही चालेल. अंग ठणकून झोप लागत नसेल, पाणी जात नसेल, तर १०० असतानाही द्यावी.

पॅरासिटामॉलची मोठ्यांची मात्रा एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत कोणत्याही परिस्थितीत ४००० मिलिग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते, डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

इथे एक धोका नकळत होतो. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांमध्ये आणि पावडरींमध्ये पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. माणूस तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची गोळी वेगळी घेतो, आणि प्रत्यक्षात एकच औषध दुप्पट पोटात जातं. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला मारतं आणि पहिल्या दिवशी काही जाणवतही नाही. पाकिटाच्या मागचं घटकांचं नाव वाचा, आणि गोळी कधी घेतली ते कागदावर लिहून ठेवा. तापाच्या ग्लानीत आठवणीवर विसंबू नये.

आयब्युप्रोफेन काहीतरी खाऊन घ्यावं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, किंवा उलट्या-जुलाबांमुळे अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर ते घेऊ नये.

गोळी घेतली की ताप उतरतो आणि चार तासांनी पुन्हा चढतो. औषध लागू पडत नाही का?

लागू पडतंय. ते आजार बरा करत नाही, तापाचा त्रास तेवढ्यापुरता कमी करतं. आजार चालू आहे तोवर ताप परत येणारच. पहिल्या तीन दिवसांत असं होणं अपेक्षितच आहे, त्यासाठी औषध बदलत बसू नका.

गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात का?

बरं वाटत असेल तर कपाळावर साध्या पाण्याचं ओलं फडकं ठेवा. बर्फाचं पाणी नको. त्याने कापरं भरतं आणि शरीर आतून आणखी उष्णता तयार करतं. अंगाला स्पिरिट चोळणं तर लहान मुलांसाठी धोक्याचं आहे, ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं. थंडी वाजत असताना पांघरूण द्या, घाम फुटला की ते काढा आणि कपडे बदला. इतकं पुरेसं आहे.

कफ हिरवा-पिवळा झालाय. आता अँटिबायोटिक सुरू करू का?

शेंबडाला किंवा बेडक्याला हिरवा रंग येतो तो जंतूंमुळे नाही. तिथे लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हिरवट रंगाचं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचा तो रंग. साध्या पडशातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्राव घट्ट आणि हिरवट होतो. रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही.

विषाणूंवर अँटिबायोटिक काहीही करत नाही. त्याने आजार एक दिवसही कमी होत नाही, उलट जुलाब, पुरळ असे त्रास होतात, आणि अंगातल्या जिवाणूंना त्या औषधाची ओळख होऊन पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते निकामी ठरू शकतं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कपाटात असतील तर त्या घेऊ नका आणि कोणाला देऊही नका. अँटिबायोटिक लागतं तेव्हा ते फार मोलाचं असतं: न्यूमोनिया, जिवाणूंमुळे झालेला घशाचा संसर्ग, कानाचे काही संसर्ग, दहा दिवसांनीही न हटणारा किंवा बरा होता होता उलटलेला सायनसचा त्रास. हे ठरवणं तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम.

मग विषाणूवर औषधच नाही?

फ्लूवर आहे. ओसेल्टामिविरसारखी औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतली तर सगळ्यांत जास्त उपयोग होतो. धडधाकट तरुण माणसाचा आजार त्यांनी साधारण एक दिवस कमी होतो, त्यामुळे त्याला ती बहुतेक वेळा लागतच नाहीत. पण वय ६५ च्या पुढे, वय पाचपेक्षा आणि विशेषतः दोनपेक्षा कमी, गरोदरपण किंवा बाळंतपण होऊन दोन आठवडे न झालेले, दमा, मधुमेह, हृदय-मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगाचे उपचार यांपैकी काही असेल तर ‘आधी दोन दिवस घरी बघू’ हे धोरण चुकीचं आहे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कोविडसाठीही जोखीम असलेल्यांना सुरुवातीच्या पाच दिवसांत द्यायची औषधं असतात.

पाणी किती प्यायचं?

पेले मोजण्यापेक्षा लघवीकडे बघा. फिकट रंगाची आणि दर काही तासांनी होत असेल तर ठीक चाललंय. गडद पिवळी आणि थोडीच होत असेल, तोंड कोरडं पडत असेल, उठल्यावर भोवळ येत असेल, तर पाणी कमी पडतंय. ताप, घाम आणि तोंडाने घेतलेला श्वास यांत शरीर नेहमीपेक्षा बरंच पाणी गमावतं, आणि आजारी माणसाला तहान लागतेच असं नाही. म्हणून उशाशी भांडं भरून ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने दोन-दोन घोट घ्या.

उलट्या किंवा जुलाब असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस हवं. तयार पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवा, अंदाजाने कमी-जास्त नको. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात पाच मिलिलिटरच्या लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर ते घातक आहे, विशेषतः मुलांना, म्हणून चमचा सपाट करूनच घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन घातलेलं आहे त्यांनी स्वतःहून ते वाढवू नये.

जेवणाची वासनाच नाही. जबरदस्तीने खाऊ घालावं का?

दोन-तीन दिवस भूक मंदावली तर बिघडत नाही. त्या दिवसांत पाणी महत्त्वाचं. घरात नेहमी जे होतं त्यातलं मऊ, गरम, पातळ, पचायला हलकं असं थोडं थोडं द्या. खरी खाण्याची काळजी ताप उतरल्यावर घ्यायची असते, कारण आजारात झिजलेले स्नायू भरून काढायला शरीराला प्रथिनं हवी असतात. आवडीचं काहीतरी मागितलं तर द्यावं. पथ्याच्या नावाखाली आजारी माणसाला उपाशी ठेवणं मला पटत नाही.

वाफ, गुळण्या, मध, नाकाचे थेंब: यातलं खरंच कामाचं काय?

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, अपाय काही नाही.

मधाने खोकल्याची उबळ कमी होते, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी एक-दोन लहान चमचे घेतला तर. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटाने चाटवायचाही नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात.

वाफेने चोंदलेलं नाक तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून, डोक्यावरून टॉवेल घेऊन बसताना पाणी सांडून भाजण्याचे प्रसंग दरवर्षी घडतात, आणि त्यांत लहान मुलं फार असतात. मुलांना अशी वाफ देऊच नये. गरम पाण्याचा नळ सोडून न्हाणीघरात काही वेळ मूल मांडीवर घेऊन बसलं तरी तोच परिणाम होतो.

मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात कितीही दिवस घालता येतात, तान्ह्या बाळालाही. नाक धुण्याचं भांडं वापरत असाल तर पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं, नळाचं थेट नको. नाक झटपट मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन यांचे स्प्रे मात्र तीन, फार तर पाच दिवसच वापरा. पुढे तेच नाक चोंदवायला लागतात आणि स्प्रेशिवाय श्वास घेता येईनासा होतो.

रात्री खोकला वाढतो, झोप होत नाही.

आडवं झाल्यावर नाकातला स्राव घशात उतरतो, म्हणून खोकला वाढतो. डोकं आणि पाठ दोन्ही उचलली जातील अशी उशी रचा. फक्त मान वर केल्याने उपयोग होत नाही, मान मात्र आखडते. झोपण्यापूर्वी नाक साफ करा, मध किंवा गरम पेय घ्या, खोलीत धूर किंवा उदबत्ती नको. हवा फार कोरडी असेल तर आर्द्रता वाढवणारं यंत्र मदत करतं, पण ते रोज धुतलं नाही तर त्यातच बुरशी वाढते.

घरातल्या बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून काय करता येईल?

फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवतो. म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत घरच्यांचा संपर्क होऊन गेलेला असतो. तरीही पुढचा संपर्क कमी करण्याला अर्थ आहे.

वेगळी खोली असेल तर उत्तम. नसेल तर खिडकी उघडी ठेवणं ही सगळ्यांत स्वस्त आणि परिणामकारक गोष्ट. दिवसभर शक्य नसेल तर दर काही तासांनी दहा मिनिटं समोरासमोरची खिडकी-दार उघडा. आजारी माणूस आणि त्याच्याजवळ बसणारा, दोघांनीही नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क लावावा. हात साबणाने २० सेकंद धुवावेत. गुळगुळीत पृष्ठभागावर, म्हणजे दाराची मूठ, रिमोट, मोबाइल यांवर फ्लूचा विषाणू एक-दोन दिवस टिकतो, ते रोज पुसून घ्या. भांडी वेगळी काढून ठेवायची गरज नाही, साबणाने नीट घासली की झालं.

सेवा करणाऱ्याकडेही कोणीतरी बघायला हवं. रात्रीची जागरणं वाटून घ्या. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा वृद्ध असेल तर शुश्रूषेची पाळी त्यांच्यावर येऊ देऊ नका.

मी एकटाच राहतो. कोणी बघायला नाही.

आजारी पडल्याचं पहिल्याच दिवशी एका माणसाला कळवा आणि सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी फोन करायला सांगा. फोन उचलला नाही तर काय करायचं हेही आधीच बोलून ठेवा, किल्ली कुणाकडे आहे तेही. पाणी, औषधं, थर्मामीटर, चार्जर हाताच्या अंतरावर ठेवा. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा. तापात उठून घाईने चालताना भोवळ येऊन पडणं नेहमीचं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत वेगळं काय बघायचं?

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर घरी एकही तास वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. मग ते बाळ हसरं-खेळतं का असेना.

त्याहून मोठ्या मुलात आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. ताप उतरल्यावर खेळतंय, नजर देतंय, पितंय तर धीर धरा. ताप उतरूनही मलूल पडून राहत असेल, नजर लावत नसेल, समजूत घालूनही रडणं थांबत नसेल, सहा-आठ तासांत शू झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, टाळू खोल गेली असेल, तर न्या.

श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची वर-खाली मोजायची. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा श्वास वेगाचा समजतात आणि तो न्यूमोनियाचा इशारा असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुगत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर तातडीने दवाखाना गाठा.

औषधाची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते, त्यामुळे जुन्या बाटलीचं माप नव्या बाटलीला लावू नका. चार वर्षांखाली सर्दी-खोकल्याची तयार मिश्रणं देऊ नका. मुलांना आणि किशोरवयीनांना अ‍ॅस्पिरिन कधीही नको. त्याने रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटका येतो. बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, पण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात आणि मेंदूला इजा होत नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवायचंच.

आजी-आजोबांना ताप नाही, पण काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

तुमचा अंदाज गांभीर्याने घ्या. वाढत्या वयात मोठ्या संसर्गातही ताप चढेलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, दिवस-रात्र न कळणं, जेवण सोडणं, तोल जाऊन पडणं, नेहमीपेक्षा फार झोपणं, हीच त्यांची लक्षणं असतात. ‘वय झालं’ म्हणून ती सोडून देऊ नका, कालपर्यंत नव्हतं आणि आज आहे ते वयामुळे नसतं.

मधुमेह किंवा दमा आहे. नेहमीची औषधं चालू ठेवू का?

इन्सुलिन बंद करायचं नाही, जेवण कमी झालं तरी. आजारपणात साखर चढते. ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा आणि मात्रा डॉक्टरांशी बोलून बदला. उलट्या-जुलाब असतील तर मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यासाठी फोन करा. दम्याचा रोजचा इन्हेलर चालूच ठेवा. तात्पुरत्या आरामाचा इन्हेलर चार तासही पुरेनासा झाला तर ते घरी सांभाळायचं दुखणं राहिलेलं नाही.

कोणत्या लक्षणांना एक क्षणही थांबायचं नाही?

बसल्या जागी धाप लागणं किंवा एक वाक्य पूर्ण बोलता न येणं. छातीत दुखणं, दाबल्यासारखं वाटणं. ओठ किंवा नखं निळसर पडणं. गोंधळ, जागं न होणं. झटका. मान ताठ होऊन तीव्र डोकेदुखी, किंवा काचेचा पेला त्यावर दाबूनही फिका न होणारा पुरळ. खोकल्यातून रक्त. बारा तासांत लघवीच नाही. तुमच्या भागातला तातडीच्या मदतीचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

ऑक्सिमीटरवर ९३ दिसतंय, पण मला काही होत नाही.

हात गरम करा, नखांवरचा रंग काढा, पाच मिनिटं शांत बसून पुन्हा बघा. तरीही ९४ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, ९२ च्या खाली असेल तर लगेच रुग्णालय. फुफ्फुसाच्या जुन्या आजारामुळे ज्यांचा आकडा नेहमीच कमी असतो त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेली पातळी लागू. आणि उलटही लक्षात ठेवा: काळसर त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. आकडा चांगला असूनही धाप लागत असेल तर विश्वास धापेवर ठेवा.

चौथ्या दिवशी बरं वाटत होतं, आज पुन्हा थंडी वाजून ताप आला.

सगळ्या प्रश्नांमध्ये हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजार सुधारता सुधारता उलटणं हे आजार रेंगाळण्यापेक्षा वेगळं आहे. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटून ठेवलेलं असतं आणि तिथे जिवाणू घर करतात. त्यातून न्यूमोनिया होतो. १९१८ च्या साथीत दगावलेल्यांपैकी बहुसंख्य लोक फ्लूच्या मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेले. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, आज आहेत. फक्त वेळेवर जायला हवं. परतलेला ताप, वाढलेला खोकला, श्वास घेताना एका बाजूला टोचणं, गंजाच्या रंगाचा कफ, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी छाती तपासून घ्या.

ताप जाऊन आठवडा झाला, तरी जिना चढताना दम लागतो. हे नॉर्मल आहे का?

हो, हळूहळू कमी होत असेल तर. ताप म्हणजे शरीराने अनेक दिवस जास्त वेगाने चालवलेलं काम असतं. त्यात अंथरुणात पडून स्नायूंची ताकदही उतरते. पहिले दोन-तीन दिवस घरातच हिंडा, मग थोडं बाहेर. आज केलं आणि उद्या सकाळी जास्त थकवा आला, तर आज जास्त झालं असं समजा आणि एक पायरी मागे या.

जोराचा व्यायाम, धावणं, वजनं उचलणं ताप असताना मुळीच नको, आणि ताप गेल्यावरही किमान आठवडाभर नको. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि त्या अवस्थेत जोर केल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर छातीत दुखलं, धडधड झाली किंवा चक्कर आली तर थांबा आणि तपासून घ्या. महिन्यानंतरही थकवा तसाच असेल तर रक्ततपासणीची वेळ आली.

झोप मात्र मनसोक्त घ्या. दुपारी झोपलात म्हणून कोणी आळशी ठरवणार असेल तर ठरवू द्या.

कामावर किंवा शाळेत कधी जायचं?

तापाचं कोणतंही औषध न घेता २४ तास ताप आला नाही आणि बाकीची लक्षणंही उतरणीला लागली, तर. सकाळी गोळी देऊन ताप दाबून मुलाला शाळेत पाठवलं तर दुपारपर्यंत तो वर्गात आजार वाटतो आणि स्वतःही हाल सोसतो. परतल्यावर पुढचे पाच दिवस बंद जागेत मास्क लावा.

खोकला जातच नाही.

बाकी सगळं बरं असून खोकला दोन-तीन आठवडे राहणं नेहमीचं आहे. श्वासनलिका हुळहुळी झालेली असते, बोलताना, हसताना, गार हवेतही उबळ येते. तो हळूहळू कमी होत जातो. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकल्यासोबत वजन घटत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रात्री घाम येत असेल किंवा घरात-ओळखीत क्षयरोग असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोग जास्त असलेल्या भागात तर दोन आठवड्यांचा खोकला एवढंच कारण तपासणीला पुरेसं आहे. आठ आठवडे उलटले तर तो विषाणूचा मागे राहिलेला खोकला नव्हे, दुसरं कारण शोधायला हवं.

तोंडाला चव नाही, वास येत नाही.

नाक मोकळं झालं की बहुधा परत येतं, कधी काही आठवडे लागतात. लवकर आलं नाही तर ओळखीचे चार उग्र वास रोज दोनदा, प्रत्येकी वीसेक सेकंद हुंगण्याचा सराव काही महिने करतात, त्याने अनेकांना फायदा होतो. तोवर गॅसची गळती, करपणं आणि नासलेलं अन्न तुम्हाला वासावरून कळणार नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.

आत्ताच फ्लू होऊन गेला. आता या वर्षी लस घ्यायला नको ना?

घ्यावी. एका हंगामात फ्लूचे एकाहून अधिक प्रकार फिरत असतात आणि लस त्यांतल्या अनेकांपासून संरक्षण देते. झालेला आजार खरंच फ्लूच होता का, हेही चाचणी न करता सांगता येत नाही. ताप असताना थांबा, बरं वाटायला लागल्यावर घ्या. थोडी सर्दी उरली असेल तर अडचण नाही. सहा महिन्यांच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकाला ती घेता येते, गरोदर स्त्रियांनाही, आणि आईने घेतलेल्या लसीचं संरक्षण जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने मिळतं. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षी साथ सुरू होण्याआधीच ती घ्या.